यंत्र वाचत नाही ती ओळ

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रात्री सव्वाबाराला
बत्ती गेली आणि आली.
सात नंबरचा लूम उठला, पण काहीतरी विसरून उठला.
टॉवेलावरच्या मोराची मान
धडापासून दोन बोटं सरकलेली.

फोनवर अंबादास कोंड्याल, रात्रपाळीचा फिटर:
"मॅडम, पडद्यावर सगळं हिरवं हाय की ओ.
ओके दाबलो. परत दाबलो.
मान काय जागेवर येईना."

"कुणी काय बदललं होतं?"
"कुणी की. दातेरी चाकाचं चित्र हाय,
त्याच्या आत एक पान, त्या पानात अजून एक पान..."

पडद्याला हे विचारता येत नाही.
कालचं बोट कुठं पडलं होतं, ते तो पुसून बसलेला असतो,
जेवण झाल्यावर घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखा.

मी काळ्या खिडकीची बाई.
पांढरी अक्षरं, लुकलुकणारी उभी रेघ,
डावीकडे नाव, उजवीकडे आकडा.
पण खोटं कशाला बोलू,
गेल्या चैत्रात एक स्वल्पविराम गाळला मी
आणि बारा लूम पहाटेपर्यंत गप्प.
यंत्र म्हणालं: चूक, ओळ ४१२.
चूक होती ४११ वर.

आणि राजव्वा म्याकल,
तीस वर्षं कांड्या भरल्या, शाळेची पायरी पाहिली नाही,
ती त्याच पडद्यावर चित्रं बघून चार लूम चालवते.
मला म्हणते, "तुझ्या मुंग्या ठेव तुझ्यापाशी."
तिच्यासमोर मी पडद्याला नावं ठेवत नाही.

नायना कन्ना चौकामागच्या खोलीत
पुठ्ठ्याला भोकं पाडायचा.
भोक म्हणजे दोरा उचल, कोरा पुठ्ठा म्हणजे राहू दे.
एका चादरीला बाराशे पत्ते, दोरीनं ओवलेले,
चुकलेलं भोक खळ लावून कागदाच्या टिकलीनं बुजवलेलं.
आणि कडेला शिसपेन्सिलीनं, तेलुगूत, बारीक:
'इथून मोराची मान. दोरी सैल बांध.'
मी विचारलं होतं, "लूम हे वाचतो?"
"लूम कशाला वाचेल?
उद्या मी तापानं पडलो तर जो येईल, तो वाचेल."

सात नंबरची फाईल उघडली.
पडदा जतन करताना झाडू मारतो,
आकडे ठेवतो, बाकी शब्द केरात.
म्हणून जुनी प्रत शोधली, दिवाळीच्या सुट्टीआधीची.
दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या,
नऊशे ओळी सारख्या.
फरक दोनच.

एक:
सरक = २४
जुन्या प्रतीत २२.

दुसरा, त्याच्या वर, जाळीच्या चिन्हानं सुरू होणारी,
यंत्र जिच्यावरून न बघता पुढं जातं ती ओळ:
# २२ च ठेवा. याची डावी बाजू ओढते. बत्ती गेली की पडदा २४ करतो. – इरफान

इरफान बागवान सुरतेला गेला त्याला दोन वर्षं झाली.
मी त्याला एकदाच पाहिलं होतं,
कँटीनमध्ये, कडक भाकरी आमटीत मोडताना.

२२ केलं. जतन केलं. लूम सुरू.
मान हळूहळू धडावर आली.
अंबादासनं पडद्याला नमस्कार केला,
पडद्यालाच.

त्याच्या ओळीखाली मी माझी ओळ लिहीत होते,
तारीख, वेळ, काय झालं.
राजव्वा मागं येऊन उभी.
"काय लिहितीस? वाच."
वाचून दाखवलं.
"माझं बी टाक.
हिरवं होतं तवाच मी अंबादासला म्हटले होते,
आवाज डावीकडं लंगडतोय.
टाक की."

टाकलं.
# आधी आवाज ऐका. – राजव्वा